चौदा सेकंदांचं हसू

१

रविवारी सकाळी अकरा वाजता नळाला पाणी आलं तरी तळेगाव ढमढेऱ्यातल्या बाया टीव्हीसमोरून उठायच्या नाहीत, एवढं मी करून ठेवलं होतं. बढाई मारत नाही. त्या वेळी गावात कुणालाही विचारलं असतंत तर हेच कळलं असतं. साल दोन हजार दोन. केबलची सातशे कनेक्शनं माझी, आणि पन्नास चॅनेलांच्या गर्दीत एक चॅनेल माझं स्वतःचं. घरामागं पत्र्याची खोली होती, तीच कंट्रोल रूम. दोन व्हीसीआर, एक मिक्सर, एक टेपरेकॉर्डर. टेबलफॅनही होता, पण तो मशीनींसाठी. माणूस घामानं मेला तरी चालेल, मशीन तापता कामा नये.

त्याच खोलीत आम्ही 'बाळासोचा वट्टा' शूट करायचो. बाळासो दूध डेअरीत कामाला. माणूस असा की मयतीला त्याच्या शेजारी बसायला लोक भ्यायचे, हसू फुटलं तर काय घ्या म्हणून. शनिवारी दुपारी यायचा, खाटेवर मांडी घालायचा आणि सुरू व्हायचा.

"तळेगाव-शिक्रापूर जीपमधी इकविसावा माणूस कुठं बसतो? ड्रायव्हरच्या जागेवर. आन् मग ड्रायव्हर? त्यो पायदानावर उभा ऱ्हाऊन खिडकीतनं स्टेरिंग धरतो!"

पहिला कार्यक्रम साफ पडला. गावानं कौतुक केलं, पण हसलं कुणी नाही. माझी बायको सीमा तोंडावर म्हणाली, "अहो, एकटाच बडबडतोय त्यो. आपण हसलो तर आपणच येडे वाटतो." बाळासोचीही तीच तक्रार. "विशू, समोर कुणीतरी हसाय पायजे रं. भिताडाला किती सांगू?"

माणसं बोलवावीत तर खोलीत चार मावत नाहीत, आणि मावली तरी कॅमेरा बघून त्यांची दातखीळ बसते. मोठ्या चॅनेलांवरच्या मालिकांत हसू वरून लावतात हे मला ठाऊक होतं. मग मीही हसू शोधायला लागलो.

२

केबलच्या आधी मी लग्नाचं शूटिंग करायचो. त्याच्या कॅसेटींनी कपाट भरलेलं. त्यातली एक घरचीच, माझ्या धाकट्या बहिणीची, राजश्रीच्या लग्नाची, अठ्ठ्याण्णव सालची. समाजमंदिरात मंगल परिणय झाला, जेवणं उरकली, आणि बायांनी नवरीला नाव घ्यायला मधोमध बसवली. जावई जालिंदर पाटसच्या साखर कारखान्यात होते. राजश्रीनं खाली मान घालून नाव घेतलं,

"पाटसच्या कारखान्याचा वाजला भोंगा,
जालिंदररावांचं नाव घेते, आता नका घालू दंगा."

त्यावर आमची भामाबाई आत्या म्हणाली, "अगं, खरा दंगा तर पुढंच हाय!" आणि जे हसू फुटलं म्हणता! आधी आत्या स्वतः, खो खो करून शेवटी ठसका. मग शेजारची तुळजाबाई, तिचं हसू नाकातून. मग दहा-बारा बाया एकदम. आणि सगळ्यात शेवटी सीमाच्या मांडीवरची आमची अपेक्षा, म्हणजे अपू, तेव्हा दोन वर्षांची. तिला काय डोंबल कळलं होतं! बाया हसल्या म्हणून ती खिदळली. राजश्री तेवढी हसली नाही. लाजून पदरात तोंड खुपसून बसली होती.

मी तो तुकडा ऑडिओ कॅसेटवर उतरवून घेतला. घड्याळ लावून मोजला, चौदा सेकंद. कुणाला विचारायचं मनातही आलं नाही. शूटिंगवाल्याला लोकांचं लग्न आपल्याच बापाचं वाटतं. आम्ही असेच. बाळासोचा विनोद झाला की मी प्ले दाबायचो, चौदा मोजून स्टॉप, मग रिवाइंड, की पुन्हा तयार.

"झ्याक!" बाळासो म्हणाला. "अंगावर मूठभर मांस चढलं बघ."

शनिवारी कॅसेट तयार व्हायची, रविवारी चालायची. गाव येडं झालं. बायांना टीव्हीत आपापलं हसू ओळखू यायचं. आत्या तर साऱ्या आळीत मिरवली, "मी हाय टीव्हीवर, ऐकलं का?"

३

चार महिने झाले असतील. एका शनिवारी मी चौदा मोजून बोट खाली आणलं, पण अपूचं शेवटचं खिदळणं अजून आलंच नव्हतं. बाया हसतच होत्या. मी बोट तसंच वर धरून बसलो. बावीस सेकंदांवर अपू आली आणि तुकडा संपला.

आता मशीन हा माझा धंदा. मी काही घाबरलो-बिबरलो नाही. टेप ताणली असेल. बेल्ट ढिला झाला असेल, मोटर हळू फिरत असेल. पण मोटर हळू फिरली की आवाज जाड होतो, बायांचा बाप्यागत होतो. हा आवाज तर अगदी स्वच्छ. उलट जास्तच स्वच्छ. एकच तुकडा शंभरदा वाजवला की त्याला खरखर लागते, हसू मळतं. हे दर आठवड्याला ताजं होत चाललं होतं. काही बायांचं हसू तर आधी गर्दीत ऐकूही यायचं नाही, ते आता सुटं ओळखता येत होतं.

बेल्ट बदलला. स्पिरिटनं हेड पुसलं. पुढच्या शनिवारी एकतीस सेकंद भरले. लग्नाची मूळ कॅसेट लावून बघितली. तिच्यात चौदाच्या चौदा.

बाळासोच्या ध्यानात आलं होतं. "विशू, हसू लांबलंय का रं? म्होरलं बोलाय मला थांबाय लागतंय."

"बेल्टचा लोच्या हाय," मी म्हणालो.

"असू दे, असू दे. बरंच हाय की!" तो खूश होता. खरं सांगायचं तर मीही खूशच होतो. शिरूरवरून माणसं विचारायला यायला लागली होती की आमच्याकडंही लावा म्हणून. एवढ्यासाठी चालता कार्यक्रम कोण बंद करतं?

४

तुळजाबाईनं मला नळावर गाठलं. "विशू, भामाबाईकडं बघ जरा. म्हैना झाला, बाई हसली न्हाई."

मी बघितलं तर तुळजाबाई स्वतः तरी कुठं हसत होती? सांगताना ओठ नुसते ताणले, तेवढंच.

त्या रविवारी कॅसेट लावून दिली आणि चहाला म्हणून बाहेर पडलो. आळीत चिटपाखरू नव्हतं. घराघरातून बाळासोचा एकच आवाज येत होता. त्याचा विनोद झाला आणि सगळ्या घरांतून एकदम हसू सुटलं. अंगावर असा सर्रकन काटा आला की मी जागीच थांबलो. अकराचं कडक ऊन, आणि मला थंडी वाजली.

आत्याचं दार उघडं होतं. ती टीव्हीसमोर पाटावर बसली होती. तोंड वासलेलं. खांदे गदगदत होते. मान मागं गेली, मग ठसका आला, तिनं छातीवर हात ठेवला. सगळं तिचंच, ओळखीचं. फक्त आवाज तिच्यातून येत नव्हता, टीव्हीतून येत होता. आणि डोळे त्या हसण्यात नव्हतेच. एसटीची वाट बघत थांबलेल्या माणसागत ती भिंतीकडं बघत होती.

पलीकडच्या दारात तुळजाबाई. तिचीही नाकपुडी उडत होती, तोंड हलत होतं. टीव्हीतलं हसू थांबलं तशी दोघींची तोंडं एकाच वेळी मिटली.

"आत्या," मी हाक मारली. माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटला. "हसत व्हतीस का गं?"

"मी?" ती वळली. "न्हाई बा. मला कुठं हसू येतंय आजकाल? टीव्हीत हाय की ते."

५

रात्रभर स्वतःची समजूत घातली. वय झालं आत्याचं. टीव्ही बघून बघून लोकांना नाना सवयी लागतात. पण सोमवारी उठून न्हावरं, चौफुला करत दौंडला गेलोच, राजश्रीकडं. जालिंदर पाटसला कामावर गेले होते. ती पालक निवडत बसली होती. टेकल्या टेकल्या तिला बाळासोचा जीपवाला विनोद सांगितला.

राजश्री एवढी हसली की पालकाची जुडी हातातून पडली. "स्टेरिंग बाहेरनं! अगं आई गं!"

मला हुंदकाच फुटला. "दादा, काय झालं रं? रडतोयस व्हय?" ती जवळ आली. मला इतकं बरं वाटलं होतं तिचं हसू ऐकून! मग पाणी पिता पिता डोक्यात उजेड पडला. लग्नातल्या त्या सगळ्या बायांत एकटी राजश्रीच हसली नव्हती.

घरी आलो तो सरळ कंट्रोल रूममध्ये. कानाला हेडफोन लावला आणि अपूचं खिदळणं नीट ऐकलं. पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात हवेची एक बारीक शिट्टी होती.

अपू आता सहा वर्षांची होती. तिचे पुढचे दोन दात गेल्याच आठवड्यात पडले होते. तेव्हापासून ती हसली की फटीतून अशी शिट्टी निघायची. लग्नात ती दोन वर्षांची होती आणि तिचे दात धड होते. आवाज चार वर्षांपूर्वीचा, आणि त्यात शिट्टी गेल्या आठवड्यातली.

मी घरात पळालो. ती वहीत झेंडा रंगवत होती. तिला उचललं, काखेत बोटं घातली, पोटाला नाक घासलं. अपू वेडीवाकडी झाली, पाय झाडले, तोंड उघडलं, फट दिसली. आवाज नाही. जरासुद्धा नाही.

"पप्पा, गुदगुल्या होत्यात," ती शांतपणे म्हणाली.

६

कार्यक्रम त्या दिवशी बंद केला. बाळासो भांडला. "लोकं डेअरीत येऊन इचारत्यात! काय सांगू त्यास्नी?" सांग काय सांगायचं ते, म्हणालो आणि त्याला बाहेर काढला.

सीमाला सगळं सांगितलं. ती त्या शूटिंगमध्ये होती, हसलीही होती. आरशासमोर उभी राहून तिनं तोंड उघडून बघितलं, मिटलं, परत उघडलं. मग म्हणाली, "माझं जाऊ द्या. पोरीचं काय करायचं ते बोला."

माझ्या डोक्यात एकच आलं. जे भरलंय ते पुसलं, तर ज्याचं त्याला परत जाईल. केबलवाल्याची अक्कल दुसरी काय चालणार? कॅसेट पुसायची म्हणजे तिच्यावर कोरं रेकॉर्डिंग करायचं. पुसताना जुना आवाज ऐकू येत नाही, अंदाजानं थांबावं लागतं. अपूचं सगळ्यात शेवटी होतं आणि आत्याचं सुरुवातीला. मी सुरुवातीचं पुसलं.

होय, आत्यावर आधी करून बघितलं. पोरीवर धाडस झालं नाही. शिव्या घालायच्या तर घाला.

संध्याकाळी तिच्याकडं गेलो. ती दारात बसली होती. समोर आळीतली पोरं गोट्या खेळत होती. एकाची चड्डी सुटली तशी बाकीची हसून लोळायला लागली. आत्या त्यांच्याकडं टक लावून बघत होती.

"विशू, त्या पोरांना काय व्हतंय रं?"

"कुठं काय?"

"तोंडं फाडून आवाज काय काढत्यात? दुखतंय का त्यास्नी?"

चेष्टा करते म्हणून मी हसलो. आत्याची चेष्टेची सवय जन्माची. पण ती मागं सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली आणि दोन्ही हात पुढं धरले. मला भ्याली ती. ज्या बाईनं मला कडेवर घेऊन वाढवलं ती मला भ्याली.

मी कॅसेट लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली करगोट्याला बांधली. वाजवायची नाही, पुसायची नाही. जेवढं उरलंय तेवढं तरी उरू दे.

७

पंधरा दिवसांनी अपूला ताप आला. दवाखान्यात सुई दिली. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तोंड वाकडं झालं, ऊर वरखाली झाला. आवाज आला नाही. कंपाउंडर म्हणाला, "शूर हाय पोरगी! रडली न्हाई बघा." सीमानं माझा हात एवढा दाबला की नखं रुतली. कॅसेटला तर मी हातही लावला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिची हाक बारीक झाली. मग नुसती कुजबुज. शाळेतून बाई सांगत आल्या, पाढे म्हणताना ओठ हलतात फक्त. शुक्रवारी ती आमच्या पुढ्यात बसून "पप्पा" म्हणाली. मला ओठांवरून कळलं.

आणि त्याच शनिवारी, दुपारी तीनच्या पुढं, अपू दिसेना.

आधी आळी शोधली. मग ओढा, मग बाजाराचं मैदान. बाळासो भांडण विसरून सायकलवर टांग टाकून सगळीकडं ओरडत फिरला. "अपू! अपेक्षा!" गाव हाका मारत होतं, आणि मला एकच गोष्ट खात होती. ही ओ कशी देणार?

पाच वाजले. सीमा घरात जमिनीवर बसली होती. तिनं वर बघितलं. "ती लावा," म्हणाली.

"सीमा, लावली तर उरलंसुरलंही..."

"पोरगी आधी पायजे मला! लावा!"

किल्ली करगोट्यातून सुटेना, हिसका मारून करगोटाच तोडला. टेपरेकॉर्डर घरात आणून प्ले दाबलं. बाया हसत होत्या. टेप पुढं ढकलली, अजून हसतच होत्या. अर्ध्या तासाची ती बाजू, चौदा सेकंदांनी सगळी व्यापली होती. तुळजाबाई, सीमा, सगळ्या. शेवटाकडं आलो तसं हसू थांबलं आणि अपूचं रडणं ऐकू आलं. हमसून हमसून. "पप्पा, वर घ्या. पप्पा." आवाज घुमत होता, सिमेंटच्या पोकळीत घुमतो तसा, आणि पाणी ठिबकत होतं.

शाळेच्या मागं जमिनीत नवी टाकी बांधत होते. वर नुसती फळी टाकलेली.

मी कसा पळालो मला माहीत नाही. फळी सरकली होती. आत वाकून बघितलं तर तळाशी ओंजळभर पाण्यात अपू, एक पाय विचित्र दुमडलेला, वर तोंड करून. ओठ हलत होते. दोन तास ती अशीच हाका मारत होती आणि आम्ही दहादा त्या शाळेवरून गेलो होतो. बाळासोनं दोर सोडला. मी उतरून तिला छातीशी धरलं. गरम होती. जिवंत होती.

"सापडली! सापडली गं!" मी आळीभर ओरडत आलो. बाया दारात आल्या. आमच्या घरातून अपूचं रडणं ऐकू येत होतं. सीमानं टेप बंद केली नव्हती, परत परत तोच शेवट लावून ऐकत बसली असणार. माझ्या खांद्यावर पोरीचं तोंड उघडत-मिटत होतं आणि तिचा हुंदका समोरच्या खिडकीतून येत होता. घर जवळ आलं तसा तो मोठा होत गेला. "पप्पा," खिडकीतून आलं, "लई दुखतंय."

"आलो बाळा, आलोच," मी खिडकीला सांगत होतो.

उंबऱ्यात पाय ठेवला आणि खट्कन बटण वर आलं. बाजू संपली. रडणं अर्ध्यात तुटलं.

अपूचे ओठ अजून हलत होते. मी कान तिच्या तोंडाला लावला. नुसता श्वास लागला.

सीमा उठली. तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि लगबगीनं कॅसेट बाहेर काढून उलटी केली. "पलीकडच्या बाजूला असंल," ती म्हणाली, "थांबा, लावते."

पलीकडची बाजू कोरी होती.